लिस्टमधे नसलेल्या चिपला डिबगर कसा जोडायचा: पीवाय३२एफ०३० घेऊन सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोर्डवर पुया कंपनीची पीवाय३२एफ०३० ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे, ६४ केबी फ्लॅश आणि ८ केबी रॅमवाली. हाताशी एसटी-लिंकचा (एसटी कंपनीच्या प्रोबचा) क्लोन आहे आणि आर्मच्या खुल्या पद्धतीचा एक सीएमसिस-डॅप प्रोब. (प्रोब म्हणजे कॉम्प्युटर आणि चिप ह्यांच्यामधला डिबगचा ॲडॅप्टर.) आयडीईच्या डिव्हाइस लिस्टमधे चिपचं नाव नाही, ओपनओसीडी ह्या मोफत डिबग सॉफ्टवेअरच्या टार्गेट फाइल्समधे (चिपचं वर्णन असलेल्या फाइल्समधे) नाही, आणि कोणीतरी सांगितलं की एसटी कंपनीची एसटीएम३२एफ०३० निवड, सेमच आहे. ते निवडलं की कनेक्ट होतं पण प्रोग्राम लिहिताना एरर येते. मग आता ही चिप डिबग करताच येणार नाही का?

येते, अगदी व्यवस्थित येते. पण ते एसटीएम३२एफ०३० निवडणं आधी बंद करा, का ते खाली येईलच.

डिबगर म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली असतात आणि सगळा गोंधळ ती वेगळी न केल्यामुळे होतो. पहिलं काम कोरशी, म्हणजे चिपमधल्या प्रोसेसरशी, बोलायचं: त्याला थांबवणं, चालवणं, रजिस्टर बघणं, रॅम वाचणं-लिहिणं, ब्रेकपॉइंट लावणं. हे सगळं कोरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने ठरवून दिलेलं आहे. चिप पुयाची असो, एसटीची असो की नॉर्डिकची, आत आर्मचा कॉर्टेक्स-एम कोर असेल तर कोर थांबवायचं रजिस्टर ई०००ईडीएफ० ह्याच ॲड्रेसवर सापडणार आणि त्यात ए०५एफ०००३ लिहिलं की कोर थांबणार. (हेक्स आकडे मी पुढचं शून्य-एक्स न लावता लिहितोय, वाचायला सोपं पडतं.) दुसरं काम फ्लॅश लिहिण्याचं, आणि तिथे आर्म काहीच ठरवत नाही, फ्लॅशचा कंट्रोलर ज्या त्या कंपनीचा आपापला. डिव्हाइस लिस्टमधे मुख्यतः ह्या दुसऱ्या कामाचीच माहिती असते, म्हणजे फ्लॅश कुठून सुरू होते, केवढी आहे, किती बाइटच्या तुकड्यात पुसायची, लिहायचा क्रम काय, शिवाय रॅम किती आणि रीसेटला काही वेगळं करावं लागतं का. त्यामुळे नाव लिस्टमधे नसलं तरी पहिलं काम जसंच्या तसं चालतं, फक्त दुसऱ्यासाठी माहिती आपण पुरवायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या प्रत्येक एररला तुम्ही स्वतःलाच विचारू शकता की ही कोरची एरर आहे की फ्लॅशची, आणि अर्धा शोध तिथेच संपतो.

सुरुवात वायरपासून करा. एसडब्ल्यूडी ह्या आर्मच्या डिबग जोडणीला दोनच सिग्नल लागतात, डेटा आणि क्लॉक, तुमच्या चिपवर ते पीए१३ आणि पीए१४ वर आहेत. त्यांच्याबरोबर ग्राउंड हवाच, आणि रीसेटची वायर पहिल्या दिवसापासून जोडून ठेवा, नंतर लागली की तेव्हाच नेमकी बोर्डावर पोचायला जागा नसते. वायर लांब नकोत, एक वीत पुरे. क्लॉकचा वेग सुरुवातीला १०० किलोहर्ट्झ ठेवा. एवढा कमी वेग फक्त पहिल्या ओळखीसाठी, एकदा जमलं की १ ते ४ मेगाहर्ट्झवर न्या. प्रोबच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की अनोळखी चिपसाठी सीएमसिस-डॅपच वापरा. एसटी-लिंक जुन्या पद्धतीने चालवला तर बरीचशी कामं तो स्वतःच्या फर्मवेअरमधे करतो आणि आतलं डिबग पोर्ट ओपनओसीडीला थेट दिसत नाही. एसटी-लिंकच वापरायचा असेल तर ओपनओसीडी ०.११ पासून त्यात थेट मोड आहे, इंटरफेसच्या फोल्डरमधली स्टलिंक-डॅप नावाची फाइल घ्या आणि ट्रान्सपोर्ट डॅपडायरेक्ट_एसडब्ल्यूडी निवडा.

आता चिपला तिची ओळख विचारायची. ह्यासाठी कुठलंही डिव्हाइस नाव लागत नाही. पायओसीडीमधे (हे पायथनमधलं तसंच डिबग सॉफ्टवेअर) टार्गेट म्हणून कॉर्टेक्स_एम हे जेनेरिक नाव देता येतं, सेगर कंपनीच्या जे-लिंक प्रोबमधे डिव्हाइस म्हणून सरळ कॉर्टेक्स-एम० प्लस निवडता येतं, ओपनओसीडीमधे छोटी फाइल लिहावी लागते ती पुढे सांगतो. प्रोब आधी लाइन रीसेट देतो, म्हणजे डेटा लाइन हाय धरून कमीत कमी ५० क्लॉक, मग जेटॅग ह्या जुन्या डिबग पद्धतीवरून एसडब्ल्यूडीवर यायचा १६ बिटचा आकडा ई७९ई, परत लाइन रीसेट, आणि मग पहिलं वाचन होतं डिबग पोर्टच्या आयडीचं. कॉर्टेक्स-एम० ला बहुतेक वेळा ०बीबी११४७७ येतो, एम० प्लसला ०बीसी११४७७, एम३ आणि एम४ ला १बीए०१४७७ किंवा २बीए०१४७७. शेवटचे तीन अंक ४७७ दिसतायत ना, तो आर्मचा उत्पादक कोड आहे. तेवढं ४७७ दिसलं तरी वायरिंग बरोबर आहे, व्होल्टेज आहे आणि समोर आर्मचं डिबग पोर्ट आहे ह्या तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात. काहीच आलं नाही किंवा सगळी शून्यं नाहीतर सगळे एफ आले, तर कॉन्फिगरेशनच्या फाइलला अजिबात हात लावू नका. चूक वायरमधे, पॉवरमधे, नाहीतर चालू प्रोग्रामने पिन बळकावल्यात ह्यात आहे.

पुढचं वाचन ई०००ईडी०० वरचं सीपीयूआयडी. पीवाय३२एफ०३० मधे एम० प्लस आहे, म्हणून ४१०सीसी६०१ सारखा आकडा दिसायला हवा, सुरुवातीचा ४१ म्हणजे आर्म आणि मधला सी६० म्हणजे एम० प्लस. सी२० दिसला तर एम०, सी२३ तर एम३, सी२४ तर एम४, सी२७ तर एम७. चिपवर छापलेल्या नावापेक्षा ह्या आकड्यावर विश्वास ठेवा, छपाई पुसून नवीन नाव टाकलेल्या चिपा बाजारात भरपूर फिरतात. मग ओपनओसीडीत डॅप इन्फो ही कमांड द्या, ती रॉम टेबल, म्हणजे चिपमधल्या डिबग भागांची यादी, वाचते आणि ब्रेकपॉइंट युनिट, वॉचपॉइंट युनिट काय काय आहे ते दाखवते. टेबलाच्या शेवटी उत्पादकाचा कोडही असतो, पण बऱ्याच कंपन्या तिथे आर्मचाच कोड तसाच सोडतात, म्हणून त्यावरून कंपनी ठरवू नका.

आयडीवरून एक प्रकार आठवतो, तो खूप जणांना भेटलेला आहे. ब्लू पिल नावाने मिळणाऱ्या निळ्या बोर्डांवर एसटीएम३२एफ१०३ असायला हवी, पण त्यातल्या कित्येकांवर सीएस३२एफ१०३ सारख्या क्लोन चिपा येतात. एसटी-लिंकने जोडलं की ओपनओसीडी म्हणतो आयडी अनपेक्षित आहे, अपेक्षा १बीए०१४७७ ची होती आणि मिळाला २बीए०१४७७, आणि तिथेच थांबतो. मग लोकांना वाटतं बोर्ड खराब. प्रत्यक्षात टार्गेट फाइल लोड व्हायच्या आधी सीपीयूटॅपआयडी ह्या व्हेरिएबलमधे नवीन आकडा दिला की काम पुढे सरकतं. तिथे ते चालून जातं कारण त्या क्लोनने फ्लॅश कंट्रोलरसुद्धा जवळपास तसाच ठेवलाय, म्हणजे दोन्ही कामं जुळतात. हाच उपाय सगळीकडे लागू पडेल असं धरू नका.

कारण तुमच्या पीवाय३२ मधे नेमकं दुसरं काम जुळत नाही. फसवणारी गोष्ट अशी की वरवर सगळं एसटीसारखंच दिसतं. फ्लॅश ०८०००००० पासूनच सुरू होते, फ्लॅश कंट्रोलर ४००२२००० लाच आहे, कुलूप उघडायच्या चाव्या ४५६७०१२३ आणि सीडीईएफ८९एबी ह्याच आहेत, पण कुलूप उघडलं म्हणून आतलं सामान तसंच मांडलेलं असेल असं नाही. एसटीएम३२एफ०३० मधे एक बिट लावून १६-१६ बिट लिहीत जायचं असतं आणि पुसायचं पान तुमच्या आकाराच्या चिपमधे १ केबीचं. पीवाय३२ मधे पान १२८ बाइटचं, सेक्टर ४ केबीचा, आणि लिहायचं ते पूर्ण पान एकदम: ३२ शब्द ओळीने टाकायचे आणि शेवटचा ३२ वा शब्द टाकायच्या आधी पान लिहायला सुरुवात कर असं सांगणारं वेगळं बिट लावायचं. त्याच्याही आधी कंट्रोलरला पुसण्या-लिहिण्याच्या वेळा सांगाव्या लागतात, त्या आतल्या ऑसिलेटरच्या वेगाप्रमाणे बदलतात, ४ मेगाहर्ट्झला वेगळ्या, २४ ला वेगळ्या, आणि त्या फॅक्टरीने चिपमधेच साठवलेल्या टेबलातून उचलून रजिस्टरमधे भरायच्या असतात. एसटीच्या ड्रायव्हरला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तो चावी लावतो, कुलूप उघडतं, तो १६ बिट लिहितो, आणि पुढे कंट्रोलर एरर देतो किंवा काहीच लिहिलं जात नाही. ही तुमची एरर.

आणि एरर येऊन थांबलं हे बरंच झालं म्हणायचं. परक्या ड्रायव्हरने ऑप्शन बाइट्सना (चिपच्या कायमच्या सेटिंगना) हात लावला तर रीडआउट प्रोटेक्शन (फ्लॅश वाचू न देणारं कुलूप) चालू होऊ शकतं किंवा रीसेटची पिन साधी जीपीआयओ, म्हणजे इनपुट-आउटपुटची पिन, होऊन बसू शकते, आणि मग चांगली चिप हातची गेल्यासारखी होते. म्हणूनच जवळचं नाव निवडून बघू हा सल्ला मला पटत नाही. २०२१ च्या चिप तुटवड्यात अनेकांनी एसटीच्या जागी अशा पर्यायी चिपा बसवल्या आणि सगळीकडे हाच सल्ला फिरायला लागला, पण तो फक्त तेव्हाच योग्य आहे जेव्हा दोन्ही रेफरन्स मॅन्युअल शेजारी ठेवून फ्लॅशचं प्रकरण रजिस्टर-रजिस्टर जुळवून पाहिलंय.

आता ओपनओसीडीची फाइल. ही टीसीएल भाषेतली साधी टेक्स्ट फाइल असते आणि फक्त पहिल्या कामासाठी आठ-नऊ ओळी पुरतात. क्रमाने सांगतो: आधी सीएमसिस-डॅपची इंटरफेस फाइल सोर्स करायची, ट्रान्सपोर्ट एसडब्ल्यूडी निवडायचा, ॲडॅप्टर स्पीड द्यायचा, मग टार्गेट फोल्डरमधली एसडब्ल्यूजे-डीपी नावाची मदतनीस फाइल सोर्स करायची. तिच्यातल्या न्यूडॅप कमांडने एक टॅप (चिपच्या डिबग पोर्टची नोंद) बनवायचा आणि अपेक्षित आयडी म्हणून वर वाचलेला ०बीसी११४७७ द्यायचा. त्या टॅपवर डॅप (डिबग ॲक्सेस पोर्ट) क्रिएट, त्या डॅपवर टार्गेट क्रिएट, आणि प्रकार कॉर्टेक्स_एम. त्या टार्गेटला वर्क-एरिया सांगायचा, ॲड्रेस २०००००००, आकार ८ केबी म्हणजे हेक्समधे २०००, आणि त्यातला आधीचा मजकूर जपायचा नसेल तर बॅकअप शून्य. शेवटी कॉर्टेक्स_एम रीसेट_कॉन्फिगला सिसरीसेटरेक. बस. फ्लॅश बँकची ओळ मुद्दाम टाकायची नाही. वर्क-एरियाचा आकार मात्र डेटाशीटप्रमाणे नेमका द्या, कारण डिबगर त्या जागेत स्वतःचे छोटे प्रोग्राम ठेवून चालवतो आणि नसलेल्या रॅममधे ठेवायला गेला तर येणारी एरर बघून कोणालाही कारण सुचत नाही. तुमच्या हातात पीवाय३२एफ००२ए आली तर तिची जाहीर रॅम ३ केबीच आहे, तिथे हा आकडा आठवणीने बदला.

फाइल चालू केली, जीडीबी (आपण कमांड देतो तो डिबगर प्रोग्राम) पोर्ट ३३३३ वर जोडला, मॉनिटर रीसेट हॉल्ट दिलं, रजिस्टर दिसली, आनंद झाला. पुढची अडचण लगेच येते. मेनवर ब्रेकपॉइंट लावता आणि कंटिन्यू करता तर जीडीबी म्हणतो ब्रेकपॉइंट टाकता येत नाही. ह्याचं कारण असं की फ्लॅश बँक सांगितलेली नसल्यामुळे जीडीबीला तो भाग फ्लॅश आहे हेच माहीत नाही, तो रॅम समजून तिथे ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन लिहायला जातो आणि फ्लॅशमधे अशी लिहिता येत नाही. दोन उपाय आहेत. एक, ओपनओसीडीच्या फाइलमधे जीडीबी_ब्रेकपॉइंट_ओव्हरराइड हार्ड अशी ओळ टाका, म्हणजे सगळे ब्रेकपॉइंट हार्डवेअरचे होतील. दुसरा, जीडीबीमधेच मेम कमांडने ०८०००००० ते ०८०१०००० हा भाग आरओ म्हणजे फक्त वाचायचा म्हणून जाहीर करा, मग तो आपोआप हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरतो. मला दुसरा जास्त आवडतो, कारण रॅममधल्या कोडला साधे ब्रेकपॉइंट चालू राहतात. एम० प्लसमधे हार्डवेअर ब्रेकपॉइंट जास्तीत जास्त ४ असतात आणि नेक्स्ट किंवा फिनिश कमांड स्वतःसाठी एक तात्पुरता वापरते, म्हणून ३ च्या वर लावून ठेवू नका, नाहीतर स्टेप करताना विनाकारण एरर येत राहते.

फ्लॅशचा प्रश्न सुटायच्या आधी पहिलं काम पूर्ण जमलंय का हे तपासायचा माझा आवडता मार्ग म्हणजे प्रोग्राम रॅममधे चालवणं. लिंकर स्क्रिप्टमधे फ्लॅश आणि रॅम दोन्ही भाग २००००००० च्या पुढे ठेवा, एलईडी चमकवायचा प्रोग्राम एक-दीड केबीत आरामात बसतो. जीडीबीने लोड दिलं की तो रॅममधे जातो, मग स्टॅक पॉइंटर आणि पीसी (प्रोग्राम काउंटर) हाताने भरा आणि कंटिन्यू. इंटरप्ट वापरत असाल तर व्हेक्टर टेबलचा (इंटरप्ट हँडलरच्या पत्त्यांच्या यादीचा) ॲड्रेसही रॅमकडे वळवावा लागतो. एलईडी चमकला की समजायचं कोर, रॅम, घड्याळ, पिन, डिबगर सगळं ठीक आहे, राहिला तो फक्त फ्लॅश. चिप नवीन असो की जुनी, मी हे नेहमी करतो, कारण पुढे काही बिघडलं तर परत येऊन उभं राहायला पक्की जागा मिळते.

आता दुसरं काम. इथे चांगली बातमी ही की हे काम कंपनीने आधीच करून ठेवलेलं असतं, फक्त ते आपल्याला दिसेल अशा जागी नसतं. केल ह्या आर्मच्या आयडीईच्या वापरकर्त्यांसाठी बहुतेक प्रत्येक कॉर्टेक्स-एम उत्पादक सीएमसिस पॅक काढतो. हा डॉट पॅक फाइलचा गठ्ठा म्हणजे साधी झिप असते, एक्स्टेन्शन बदलून उघडून बघा. आत एक पीडीएससी फाइल असते तिच्यात प्रत्येक चिपची फ्लॅश आणि रॅम कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं असतं, पेरिफेरल रजिस्टरांची नावं असलेली एसव्हीडी फाइल असते, आणि एफएलएम एक्स्टेन्शनची फाइल असते. सगळ्यात मोलाची ती एफएलएम. ती खरं तर एक ईएलएफ, म्हणजे कंपाइल केलेल्या कोडची, फाइल आहे, तिच्यात ठरलेल्या नावाची फंक्शन्स असतात: इनिट, अनइनिट, इरेजसेक्टर, प्रोग्रामपेज वगैरे, आणि फ्लॅशडिव्हाइस नावाचं एक स्ट्रक्चर, त्यात सुरुवातीचा ॲड्रेस, आकार, पानाचा आकार, पुसल्यावर बाइट कसा दिसतो, टाइमआउट, सेक्टरची यादी. डिबगर हा कोड चिपच्या रॅममधे टाकतो, रजिस्टरमधे आर्ग्युमेंट भरतो, कोर चालवतो आणि परतीची किंमत शून्य आली का बघतो. म्हणजे १२८ बाइटचं पान, ३२ वा शब्द, फॅक्टरीच्या वेळा, ही सगळी भानगड त्या एफएलएममधे कंपनीने स्वतः सोडवून दिलेली आहे.

पायओसीडीला हे पॅक थेट खाता येतात, म्हणून तुमच्यासाठी मी तोच सुचवीन. आधी पायओसीडी पॅक अपडेट, मग पायओसीडी पॅक फाइंड आणि पुढे चिपच्या नावाचा सुरुवातीचा भाग. यादीत सापडलं तर पॅक इन्स्टॉल, झालं. इंडेक्समधे नसेल तर कंपनीच्या साइटवरून किंवा बोर्डबरोबर मिळालेल्या एसडीकेमधून पॅकची फाइल घ्या आणि प्रत्येक कमांडला डबल डॅश पॅक ह्या ऑप्शनने तिचा पाथ द्या. मग लिस्टची कमांड डबल डॅश टार्गेट्स लावून चालवली की पॅकमधल्या चिपांची नावं दिसतात, तिथे जे नाव जसं छापलंय तसंच वापरायचं, बहुधा पीवाय३२एफ०३० नंतर एक्स आणि ८ असं असतं. तुमचा एसटी-लिंक क्लोनही पायओसीडीबरोबर चालू शकेल, पण खात्री नाही, आणि त्याचं फर्मवेअर व्ही२जे२४ किंवा नंतरचं हवं. आधी फक्त इरेज करून बघा आणि ०८०००००० वर सगळे एफ वाचले जातात का ते तपासा, मग छोटा प्रोग्राम लिहा, मग वाचून जुळवा. तिन्ही जमलं तरच जीडीबीसर्व्हर चालू करून आयडीई जोडा. बरेच जण उलट करतात, थेट आयडीईमधून सुरू करतात आणि मग एरर नेमकी कुठल्या थराची हेच कळत नाही.

जे-लिंक असेल तर तिथेही हीच एफएलएम चालते. वापरकर्त्याच्या सेगर फोल्डरमधे जे-लिंकडिव्हायसेस नावाचं फोल्डर करून त्यात एक एक्सएमएल ठेवायची: व्हेंडर, चिपचं नाव, कोर, वर्करॅमचा ॲड्रेस आणि आकार, आणि फ्लॅशबँकमधे बेस ॲड्रेस, आकार, लोडर म्हणून एफएलएमचं नाव आणि लोडरचा प्रकार ओपन. पुढच्या वेळी डिव्हाइस लिस्ट उघडली की तुमचं नाव तिच्यात दिसतं. रस्टमधे काम करत असाल तर प्रोब-आरएसबरोबर टार्गेट-जेन नावाचं टूल येतं, ते पॅकमधून वायएएमएल काढून देतं. ओपनओसीडीला मात्र एफएलएम थेट वापरता येत नाही, तिथे फ्लॅश ड्रायव्हर सीमधे लिहून परत बिल्ड करावा लागतो, म्हणून मी कामं वाटून घेतो: लिहायला पायओसीडी, आणि कोणाला डिबगिंगला ओपनओसीडीच हवं असेल तर वरची फ्लॅश नसलेली फाइल. दोन्ही एकाच वेळी एकाच प्रोबला मात्र चिकटवू नका.

कंपनीने पॅकच काढला नसेल तर? मग एफएलएम स्वतः लिहायची. ऐकायला मोठं वाटतं पण ते तीन-चार फंक्शन्सचं काम आहे, कंपनीच्या सॅम्पल कोडमधला फ्लॅशचा भाग उचलून त्यात बसवायचा. पथ्यं दोन: कोड कुठल्याही ॲड्रेसवर चालेल असा कंपाइल झाला पाहिजे, आणि आत इंटरप्टवर अवलंबून राहायचं नाही, स्टेटस रजिस्टरचं बिझी बिट फिरून फिरून वाचायचं. वॉचडॉग (वेळेत इशारा मिळाला नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) आधीच चालू असू शकतो हेही धरून चाला, पुसायला लागणाऱ्या वेळेत तो चिप रीसेट करू शकतो, म्हणून वाट बघायच्या लूपमधे त्याला खाऊ घालत राहा.

वॉचडॉगवरून आठवलं, डिबग करताना कोर थांबला तरी स्वतंत्र वॉचडॉग मोजतच राहतो आणि तुम्ही ब्रेकपॉइंटवर विचार करत बसलात की चिप रीसेट होऊन प्रोग्राम परत सुरुवातीला गेलेला दिसतो. लोक ह्याला डिबगर तुटतोय असं समजतात. रेफरन्स मॅन्युअलमधे डीबीजी नावाचं छोटं प्रकरण असतं, त्यात कोर थांबल्यावर वॉचडॉग आणि टायमर गोठवायची बिटं असतात, कनेक्ट झाल्या झाल्या ती लावायची. त्याच प्रकरणात स्टॉप मोडमधे डिबग जिवंत ठेवायचंही बिट असतं, लो पॉवरचं काम असेल तर ते आधी शोधा. आणि सिस्टिक ह्या कोरमधल्या टायमरचा इंटरप्ट चालू असताना एक-एक स्टेप केली की प्रत्येक वेळी हँडलरमधे जाऊन पडायला होतं, त्यासाठी ओपनओसीडीत कॉर्टेक्स_एम मास्कआयएसआर ऑन.

चिप अजिबात बोलत नाहीशी झाली, काल बोलत होती आणि आज नाही, तर बहुतेक वेळा तुमच्याच प्रोग्रामने पीए१३, पीए१४ दुसऱ्या कामाला लावलेत किंवा चिप खोल झोपेत आहे. अशा वेळी रीसेट धरून कनेक्ट करायचं, पायओसीडीत कनेक्ट मोड अंडर-रीसेट. पण पीवाय३२ मधे रीसेटची पिन पीएफ२ आहे आणि ऑप्शन बाइट्समधून ती साधी जीपीआयओ करता येते, तसं केलेलं असेल तर हा मार्ग बंद. मग बूट० ही पिन हाय धरून पॉवर द्या म्हणजे चिप आतल्या बूटलोडरमधे जाते आणि तुमचा प्रोग्राम चालतच नाही, तेवढ्यात डिबगर जोडून फ्लॅश पुसा. डेव्हलपमेंट चालू असेपर्यंत मेनच्या सुरुवातीलाच एखाद्या सेकंदाचा डिले ठेवा, पिन किंवा झोपेला हात लावायच्या आधी, ह्याने वाचलेले बोर्ड मी खूप पाहिलेत. आणि आयडी वाचला जातोय, रॅम वाचली जातेय, फक्त फ्लॅश वाचताना एरर येतेय, असं असेल तर रीडआउट प्रोटेक्शन लागलेलं असण्याची शक्यता आहे. ते काढलं की संपूर्ण फ्लॅश पुसली जाते, तसंच बनवलेलं आहे ते. आतला प्रोग्राम हवा असेल तर तो विषय तिथेच संपतो.

आयडीईचं आता फार थोडं उरतं. व्हीएस कोडमधे कॉर्टेक्स-डिबग एक्स्टेन्शन टाका, सर्व्हरचा प्रकार पायओसीडी, टार्गेटचं नाव पॅकमधलं, आणि एसव्हीडी फाइलचा पाथ पॅकमधून काढलेल्या फाइलचा. एसव्हीडी दिली की पेरिफेरल रजिस्टर नावानिशी दिसतात, प्रत्येक बिट वेगळं. ह्याच्यावर वेळ घालवा, फायदा आहे, आणि एखादं फील्ड विचित्र दिसलं तर रेफरन्स मॅन्युअल खरं माना, कारण घाईत बनवलेल्या एसव्हीडीत चुका असतात. शिवाय ज्या रजिस्टरला वाचलं की फ्लॅग पुसला जातो किंवा फिफोमधला बाइट निघून जातो, ती विंडो सारखी उघडी ठेवू नका. युआर्टचा डेटा डिबगरनेच खाल्ला आणि दोष ड्रायव्हरला दिला गेला असं सर्रास होतं.

हे सगळं कॉर्टेक्स-एमचं झालं. उद्या सीएच३२व्ही००३ सारखी आरआयएससी-व्ही चिप आली तर तिचं डिबग एकाच वायरवर आणि वेगळ्या प्रोटोकॉलने चालतं, तिथे सीएमसिस-डॅपवर डोकं फोडून उपयोग नाही, त्या कंपनीचाच प्रोब घेणं सोपं पडतं. त्यामुळे चिप घेण्याआधीच डेटाशीटमधे कोर कुठला आणि डिबग इंटरफेस कुठला एवढ्या दोन ओळी वाचून घ्या.

शेवटी कामाचं: वापरलेला पॅक, ओपनओसीडीची फाइल, जे-लिंकची एक्सएमएल, जे काही असेल ते प्रोजेक्टच्या गिटमधेच टाका, फक्त स्वतःच्या मशीनवर इन्स्टॉल करून ठेवू नका. अशा कंपन्यांच्या साइटवर जुनी आवृत्ती काढून नवी टाकली जाते, चिपांची नावं बदलतात, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तोच बोर्ड लिहायचा असेल तेव्हा नेमकी तुम्ही तपासलेली एफएलएम कुठली होती ते सापडायला हवं. पायओसीडीची पॅकची ओळ त्याच फोल्डरमधल्या वायएएमएल कॉन्फिग फाइलमधे लिहिता येते, मग कमांड लाइनवर काही आठवायला लागत नाही.